अर्थ शब्दात राहतो का?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी एकाच क्रियापदावर नऊ महिने काम केले. ते क्रियापद होते 'रन'. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षातच भेटणारे, तीन अक्षरांचे. २०११ साली नोंद पुरी झाली तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ होते. त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ मध्ये निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाला ४३० अर्थ दिले आहेत आणि ते सांगायला सुमारे साठ हजार शब्द खर्ची पडले आहेत, म्हणजे एका मध्यम आकाराच्या कादंबरीएवढे. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर २००० मध्ये 'मेक'ने, २००७ मध्ये 'पुट'ने आणि शेवटी 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले.

ही आकडेवारी नेहमी नवल म्हणून सांगितली जाते: एवढासा शब्द आणि त्याच्या पोटात केवढे अर्थ! माझा आक्षेप या 'पोटात'ला आहे. अर्थ शब्दाच्या आत साठवलेले असतात आणि कोशकार ते मोजून बाहेर काढतो, अशी आपली समजूत असते. या समजुतीतून चुकीचे शिक्षण होते, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, चुकीचा न्यायही होतो.

आधी कोशकार काय करतो ते पाहावे. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाली. १८७९ पासून जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारली आणि तिच्या भिंतींना लहान लहान कप्पे करून घेतले. त्या कप्प्यांत साठत गेल्या चिठ्ठ्या. देशोदेशीचे वाचक पुस्तके वाचत, एखादा शब्द लक्ष वेधून घेणारे वाक्य सापडले की ते साल आणि ग्रंथनामासह चिठ्ठीवर उतरवत आणि मरेंकडे पाठवत. १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली तेव्हा तिच्यात अठरा लाखांहून अधिक अवतरणे छापलेली होती. मरे स्वतः १९१५ मध्येच गेले होते.

या पद्धतीत कोशकाराच्या हाती येते ते वाक्य. हजारो वाक्ये समोर पसरून तो त्यांचे ढीग करतो: ही वाक्ये एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक ढिगावर एक व्याख्या लिहितो. आपण ज्याला 'अर्थ क्रमांक ३७' म्हणतो तो असा वाक्यांचा एक ढीग असतो. काही कोशकारांचा कल ढीग एकत्र करण्याकडे असतो, काहींचा फोडण्याकडे. नदी वाहते ते 'रन', नळ वाहतो तेही 'रन', नाक वाहते तेही 'रन': हा एक अर्थ की तीन? दोन्ही उत्तरे देता येतात आणि दोन्ही प्रामाणिक असतात. म्हणून ६४५ हा आकडा खरा असूनही एखाद्या गावाची लोकसंख्या जशी खरी असते तसा तो खरा नाही. दुसऱ्या संपादकाने तेवढ्याच निष्ठेने काम केले असते तर आकडा वेगळा आला असता. कोशविद्येतले अभ्यासक ॲडम किलगॅरिफ यांनी १९९७ मध्ये एक निबंध लिहिला. शब्दांना ठरावीक, वेगवेगळे मोजता येणारे अर्थ असतात यावर आपला विश्वास नाही, असे त्यांनी त्याच्या शीर्षकातच सांगून टाकले. ज्याने आयुष्य कोशांसाठी दिले त्याने हे म्हणावे, याला वजन आहे.

आता 'रन'कडेच नीट पाहू. त्याचे मूळ जुन्या जर्मानिक धातूत आहे. आजच्या जर्मनमध्ये त्या कुळातले दोन शब्द शेजारी नांदतात: 'रिनेन' म्हणजे पाझरणे, वाहणे आणि 'रेनेन' म्हणजे पळणे. इंग्रजीत दोन्ही कामे एकाच शब्दाकडे आली. पाणी वाहते, माणूस पळतो. पुढे रस्ता डोंगरातून 'रन' होतो, भिंत नदीकाठाने 'रन' होते, आणि यात हलत काहीच नाही, हलते ती पाहणाऱ्याची नजर. धुण्यात कपड्याचा रंग 'रन' होतो. नाटक शंभर प्रयोग 'रन' होते. एखादा आजार घराण्यात 'रन' होतो. मग यंत्रांचे युग आले. चाक फिरते, पट्टा सरकतो, म्हणून यंत्र 'रन' होऊ लागले. गिरणी चालवणारा माणूस गिरणी 'रन' करू लागला, मग दुकान, मग शाळा, मग देश. सायमन विंचेस्टर यांनी २०११ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात 'रन'च्या या विस्ताराचा संबंध यंत्रयुगाच्या धावपळीशी जोडला होता. त्यात तथ्य आहे. यंत्रामागून संगणक आला आणि आज्ञावली 'रन' होऊ लागली, तीही जागची न हलता.

क्रिकेटमुळे हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला. तिथेही हेच झाले. धाव ही मुळात खरोखरच धावून काढायची. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी फलकावर चार 'रन' लागतात. आणि 'रन आउट' म्हणजे मैदानावर धावचीत, तर इंग्रजी स्वयंपाकघरात दूध 'रन आउट' झाले म्हणजे संपले. दोन्हीकडे शब्द तेच, क्रमही तोच. फरक करतात ते मैदान आणि स्वयंपाकघर.

कोणी म्हणेल, या सगळ्यांत एक गाभा आहेच: न थांबता होणारी गती. हा आक्षेप कच्चा नाही. त्याच्याशिवाय नवा वापर ऐकणाऱ्याला कळलाच नसता. संगणकाच्या संदर्भात 'रन' पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोणी कोश उघडून दिला नव्हता. पण हा गाभा घेऊन पुढे चालायला लागा. इंग्रजीत माणूस ताप 'रन' करतो म्हणजे त्याला ताप असतो, धोका 'रन' करतो म्हणजे पत्करतो, वर्तमानपत्र जाहिरात 'रन' करते म्हणजे छापते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' करतो, उभा राहतो. एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांत एकाच कृतीसाठी एक उमेदवार धावतो आणि एक उभा राहतो. आपण मराठीत ब्रिटनप्रमाणे उभे राहतो किंवा सरळ निवडणूक लढवतो. गतीचा गाभा इथे कुठे धरायचा? तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये निघाला. त्यात त्यांनी 'खेळ' या शब्दाबद्दल हेच दाखवले: सगळ्या खेळांना समान असे एकही लक्षण सापडत नाही. या खेळाचे त्या खेळाशी, त्याचे तिसऱ्याशी असे साम्य पुढे सरकत जाते, जसे एका कुटुंबातल्या माणसांत कोणाचे नाक, कोणाची चाल जुळते. 'रन'चे तसेच आहे. शेजारचा अर्थ शेजारच्याला ओळखतो. पहिल्याची आणि शेवटच्याची ओळख नसते.

'सेट'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ठेवणे, बसवणे या अर्थाचे क्रियापद 'सेट' हे 'सिट'चे प्रयोजक रूप, म्हणजे बसणेवरून बसवणे, तसेच. पण भांड्यांचा 'सेट', पुस्तकांचा 'सेट' यांतला समूहवाचक शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनचा 'सेक्टा' आहे, म्हणजे अनुयायांचा पंथ. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द एका रूपात येऊन मिळाले आणि एकमेकांचे अर्थ उचलू लागले. आज इंग्रजी बोलणाऱ्याला ते दोन आहेत याची जाणीव नसते आणि त्यामुळे त्याचे काही अडतही नाही.

लहान शब्दांचे हे वागणे विद्वानांना पूर्वीपासून खटकत आले आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी अशा क्रियापदांची यादीच दिली आणि त्यांचे अर्थ फार सैल असल्याची तक्रार केली. 'रन' आणि 'सेट' दोन्ही त्या यादीत आहेत. जॉन्सन यांच्याविषयी मला मोठा आदर आहे, पण इथे त्यांचे निदान मला पटत नाही. शब्द एकटा घेतला तर सैल दिसतो हे खरे, पण एकटा तो कधी वापरलाच जात नाही. नळ 'रन' होतो आहे हे ऐकल्यावर नळ पळाला असे कोणाच्या मनातही येत नाही. वाक्यात तो शब्द पुरता घट्ट बसलेला असतो. भाषेचे अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले की जो शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. अधिक वापराचे शब्द आखूडही असतात, हेही त्यांचेच निरीक्षण. यात भाषेचा आळस पाहण्यापेक्षा काटकसर पाहावी. प्रत्येक कामाला नवा शब्द घडवला असता तर ते लक्षात ठेवणे कोणाच्याही आवाक्यात राहिले नसते. शेजारचे शब्द अर्थ पक्का करून देत असताना नवा शब्द कशाला?

शेजारच्या शब्दांकडे दुर्लक्ष केले तर काय होते याचे मला माहीत असलेले सर्वांत गंभीर उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले आहे. शब्द 'यूज', वापरणे. तिथल्या कायद्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक 'वापरणाऱ्या'ला जादा शिक्षा आहे, आणि बंदूक स्वयंचलित असेल तर ती तीस वर्षांची. एका आरोपीने अशी बंदूक कोणावर रोखली नव्हती, धाक दाखवायलाही वापरली नव्हती. कोकेनच्या बदल्यात ती देऊ केली होती, आणि समोरचा गिऱ्हाईक वेषांतर केलेला पोलीस होता. वस्तू मोबदला म्हणून देणे म्हणजे बंदूक 'वापरणे' होय का? १९९३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने 'होय' म्हटले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. त्यांनी कोश उघडले. कोशात 'यूज'चा अर्थ उपयोगात आणणे असा आहे; बंदूक देवघेवीच्या उपयोगात आणली; म्हणून ती वापरली.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कलिया यांनी विरोधी मत नोंदवले. त्यांचे इतर पुष्कळ निकाल मला मान्य नाहीत, पण इथे ते अगदी बरोबर होते असे माझे मत आहे. त्यांचा मुद्दा असा: तुम्ही काठी वापरता का, असे कोणी विचारले तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी शोभेसाठी मांडून ठेवली आहे का, असे तो विचारत नसतो. काठीच्या टेकूने चालता का, हेच विचारतो. बंदूक वापरणे म्हणजे बंदुकीचे म्हणून जे काम असते त्यासाठी वापरणे. कोशात दिलेला अर्थ शब्दाच्या अंगी होता हे कोणी नाकारत नव्हते. प्रश्न होता त्या वाक्यात तो होता का. न्यायालयाने शब्द वाक्यातून उपटला, कोशात नेला, तिथला सर्वांत रुंद अर्थ आणला आणि तो वाक्यात परत बसवला.

पुढे न्यायालयाला स्वतःच्याच निकालाशी झगडावे लागले. १९९५ मध्ये दुसऱ्या खटल्यात ठरले की बंदूक नुसती जवळ असणे म्हणजे वापर नव्हे, प्रत्यक्ष उपयोग हवा. २००७ मध्ये उलटा प्रसंग आला: आरोपीने अमली पदार्थ देऊन मोबदल्यात बंदूक घेतली होती. न्यायालय म्हणाले, घेणारा बंदूक वापरत नाही. म्हणजे एकाच व्यवहारात बंदूक देणारा तिचा वापर करतो आणि घेणारा करत नाही, अशी स्थिती झाली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तेव्हा स्पष्ट लिहिले की १९९३ चा निकालच रद्द करायला हवा. माझ्या दृष्टीने या गोंधळाचे मूळ अर्थ शब्दात शोधण्यात आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार खोल विचार झालेला आहे आणि तो आज आपण जवळपास विसरलो आहोत. 'सैंधव' म्हणजे सिंधू प्रदेशातले मीठ आणि तिथला घोडाही. सैंधव आण असे धनी जेवताना म्हणाला तर मीठ आणायचे, बाहेर निघताना म्हणाला तर घोडा. हे उदाहरण शास्त्रग्रंथांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने 'वाक्यपदीय'मध्ये अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो याची यादी केली: सोबत काय आहे, काय नाही, साहचर्य कोणाचे, वैर कोणाशी, हेतू काय, प्रकरण कोणते, शेजारी दुसरा कोणता शब्द आहे, प्रसंग, स्थळ, काळ. नंतरच्या टीकाकारांनी उदाहरणे दिली. राम आणि लक्ष्मण म्हटले की राम दशरथाचा. राम आणि अर्जुन अशी वैराची जोडी आली की राम म्हणजे परशुराम आणि अर्जुन म्हणजे पांडव नव्हे, कार्तवीर्य. शंखचक्रासह हरी म्हटले की विष्णू. एरवी हरी सिंहही असतो, माकडही आणि घोडाही. भर्तृहरी याहून पुढे जातो. त्याच्या मते अर्थाचे खरे एकक वाक्य आहे; वाक्यातून शब्द वेगळे काढणे ही व्याकरणाने सोयीसाठी केलेली चिरफाड आहे. मरेंच्या कप्प्यांतल्या चिठ्ठ्या आठवल्या की हा विचार किती पक्का आहे ते जाणवते. ज्यांनी जगातला एक थोर शब्दकोश केला त्यांना तो वाक्ये गोळा करूनच करावा लागला.

यंत्राने भाषांतर करू पाहणाऱ्यांनाही इथेच ठेच लागली. १९६० मध्ये येहोशुआ बार-हिलेल यांनी 'पेन' या शब्दाचे उदाहरण दिले. पेन म्हणजे लेखणी आणि लहान मुलाला खेळायला ठेवतात तो कठड्याचा चौकही. खोका पेनमध्ये आहे, या वाक्यातले पेन कोणते हे माणसाला लगेच कळते, कारण खोका केवढा आणि लेखणी केवढी हे त्याला माहीत असते. यंत्राला हे कधी जमणार नाही, असे ते म्हणाले. आज जमते आहे, आणि ते क्रमांक दिलेल्या अर्थांच्या याद्या पाठ करून नव्हे. आजूबाजूचे शब्द पाहून यंत्र अंदाज बांधते.

आता वर्गाकडे येतो, कारण मला खरी चिंता त्याची आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी माध्यमाच्या कितीतरी वर्गांत इंग्रजी अजूनही शब्दार्थांच्या वहीतून शिकवले जाते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द. 'रन' म्हणजे धावणे, 'टेक' म्हणजे घेणे, 'पुट' म्हणजे ठेवणे. मूल ते पाठ करते आणि हे शब्द 'झाले' असे समजून पुढच्या, लांबलचक शब्दांकडे वळते. कठीण शब्द म्हणजे लांब शब्द, ही समजूत तिथे रुजते. खरे तर लांब शब्द सोपे असतात. 'फोटोसिंथेसिस'ला एकच अर्थ आहे आणि एकच मराठी प्रतिशब्द पुरतो. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे हे 'पुट'वरूनही कळत नाही, 'अप'वरूनही नाही आणि 'विथ'वरूनही नाही. पदवीधर मुलाला इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख समजतो आणि दोन इंग्रजांचे साधे बोलणे समजत नाही, त्याचे कारण इथे आहे. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याला लहान शब्द शिकवलेलेच नसतात.

लहान शब्दांवर सगळी भाषा उभी करण्याचा एक प्रयोग होऊनही गेला आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले. त्यात क्रियापदे जेमतेम अठरा. १९४३ मध्ये हार्वर्डच्या भाषणात चर्चिल यांनी त्याची तरफदारी केली. तरी ते टिकले नाही. यादी छोटी झाली, पण ओझे हलके झाले नाही. गाळलेल्या शेकडो क्रियापदांचे काम 'पुट', 'गेट', 'टेक' यांच्या जोडशब्दांवर येऊन पडले, आणि शिकणाऱ्याला तेच सर्वांत अवघड जातात.

याच्या उलट मायकेल वेस्ट यांचे काम मला मोलाचे वाटते. ते ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते, आणि बंगालमधल्या मुलांना परकी भाषा कशी येते यावर त्यांनी १९२६ मध्ये पुस्तक लिहिले. १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शब्दापुढे त्याचे निरनिराळे अर्थ दिले आणि कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो तेही दिले. शिक्षकाला याहून उपयोगी साधन क्वचितच मिळाले असेल. 'रन'चे ६४५ अर्थ कोणीही शिकवू नयेत, पण रोजच्या इंग्रजीत येणारे दहाबारा वापर, प्रत्येक त्याच्या त्याच्या वाक्यासह, शिकवलेच पाहिजेत.

मराठी मुलाला हे समजावणे कठीण नाही, कारण त्याच्या तोंडी असाच एक शब्द दिवसभर असतो. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दिवा लागतो, फोन लागतो, वेळ लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागते, शोध लागतो. फलाटाला गाडी लागते आणि घाटात माणसाला गाडी लागते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना निघाली त्याच वर्षाची. तिच्यात 'लागणें' उघडून पाहावे. एका मराठी क्रियापदासाठी इंग्रज कोशकाराला एकामागून एक इंग्रजी क्रियापदे पुढे करावी लागली आहेत. 'रन'पुढे आपली जी अवस्था होते तीच 'लागणें'पुढे त्यांची झाली. ही दहा-बारा वाक्ये फळ्यावर लिहून मुलांना 'लागणे'चा एकच अर्थ सांगायला लावावे. तो सांगता येत नाही हे मुलांना आपोआप कळेल, आणि मग 'रन'ची दहा वाक्ये त्यांच्यापुढे ठेवावीत.

पण शिक्षकाने एवढे केले तरी प्रश्नपत्रिका आड येते. 'पुढील शब्दांचे अर्थ लिहा' असे म्हणून तिने प्रत्येक शब्दापुढे एक रिकामी जागा सोडली की वर्ग पुन्हा वहीतल्या उजव्या रकान्याकडे वळणार, कारण गुण तिथे आहेत. त्या प्रश्नाऐवजी एकच लहान शब्द असलेली पाच वाक्ये द्यावीत आणि ती मराठीत लिहायला सांगावीत. तपासणाऱ्याला थोडा अधिक वेळ लागेल. तो द्यायला हवा.